एका फुटाचा फरक

‘‘मॅडमच्या कॉन्व्हेंटात फूट लहान असते का जी?’’

घनश्यामभाऊ गवंड्याला हळूच म्हणाले. मला ऐकू आलंच. घनश्यामभाऊ आमच्या बांधकाम ऑफिसातले शिपाई. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. शहाऐंशीच्या एप्रिलमधली भर दुपार, सिंदेवाहीजवळच्या एका गावातलं नवं सभागृह. आत किती माणसं बसू द्यायची, तो आकडा मी काढायचा होता.

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. इंजिनियर आहे. जे मोजता येतं ते मानते. म्हणून तर हे लिहावंसं वाटलं...

दार एकच. मी वाचलं – तीन फूट. नकाशात चार. पुन्हा वाचलं, तीन. चौकटीला चिकटवून वाचलं, तरी तीनच.

‘‘मले त चारच दिसून राह्यले,’’ घनश्यामभाऊ म्हणाले. गवंड्यालाही चारच दिसले. ऑफिसात येऊन मी तोच टेप स्टीलच्या पट्टीला लावला. अगदी बरोबर होता!

आमच्या हिशेबानं चार फुटी दारामागे दोनशे माणसं, तीन फुटीमागे दीडशे. तेव्हा मी नवीन ज्युनियर इंजिनियर, त्यात बोलायची लाज. साहेबांसमोर काय सांगणार? निमूटपणे दोनशे लिहिले. पेंटरनं पाटीवर रंगवलेही.

उद्घाटनाला गेले तेव्हा हॉल भरत आला होता. आत सतरंज्या, म्हणून चपला काढलेल्या – पण बाहेर नाही, चौकटीच्या आत, दोन्ही बाजूंना ढीग.

‘‘उन्हात तापते जी, मंग पाय भाजते,’’ घनश्यामभाऊंनी सांगितलं. आमच्याकडचं ऊन... खरंच होतं ते.

मी पर्समधून टेप काढला. दोन ढिगांच्या मधली वाट – बरोबर तीन फूट. या वेळी घनश्यामभाऊंनाही तीनच दिसले. ते हसले नाहीत. आतली डोकी मोजून आले – दीडशेला दोन कमी. बाहेर उन्हात बायका-पोरं ताटकळलेली, आणि सरपंच सुमनबाई सगळ्यांना आत ढकलत होत्या.

तासाभरानं स्टेजमागची वायर जळाली. पडदा पेटला, हॉलभर धूर झाला. दोनशे माणसं त्या दारातून बाहेर आली, कोणीही अडखळलं नाही. कारण तोवर दार चार फुटांचं झालं होतं.

रिकाम्या हॉलमध्ये, चपलांच्या तीन आठवडे आधी, मला तीन फूट कसे दिसले? माहीत नाही. डोळे तपासून घेतले, उत्तम आहेत. टेप अजून तोच वापरते.

पण आगीच्या तासभर आधी दारात आडवी उभी राहून, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर मी बोलले, ते मात्र शब्दन् शब्द आठवतं.

‘‘काऊन अडवता मॅडम?’’ सुमनबाई चिडल्या होत्या. ‘‘पाटीवर दोनशे तुम्हीच लिवले ना?’’

‘‘मीच लिहिले, बाई, आणि चुकले. आधी सगळ्या चपला त्या कडुलिंबाच्या सावलीत जातील. तोवर इथून कोणीही आत जाणार नाही.’’