मामांचा रिलिव्हर

मामा कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. भिंत असो, दार असो, नळ असो, आधी बोटांची मागची बाजू टेकवायची, मग तळवा. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत उभी हयात काढलेल्या माणसाची ही खूण. पाइप तापलेला असला तर उलटा हात चटक्यानं आपोआप मागं येतो, तळवा लावला तर तो भाजून निघतो. तुमच्या ओळखीत कंपनीतून रिटायर झालेला एखादा ऑपरेटर असेल तर त्याच्याकडे एकदा नीट बघा. चहाचा कपसुद्धा तो असाच चाचपून उचलेल. मामांनी तर माझ्या नव्या देव्हाऱ्यालाही आधी उलटा हात लावला आणि मग हात जोडले.

मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये. ते प्लँटवर, मी सॅम्पल तपासणारी. कित्येक वर्षं सॅम्पलच्या बाटल्या त्यांच्या हातून माझ्या हातात आल्या, आणि तेवढीच आमची ओळख. नात्यातले नव्हेत, सगळी कंपनीच त्यांना मामा म्हणायची. रिटायर झाल्यावर एकदा दौंडच्या बाजारात भेटले आणि म्हणाले, आमच्या बिल्डिंगमधी खालच्या मजल्यावर एक ब्लॉक निघालाय, जुना हाय पण हवेशीर हाय. मी भाड्याच्या खोल्या बदलून बदलून विटले होते. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला खोली देताना मालक लोक काय काय विचारतात ते इथं लिहीत नाही, डोकं तापतं माझं. ब्लॉक बघितला आणि घेऊन टाकला.

खरं कारण मात्र आई. वडील गेल्यापासून ती तळेगाव ढमढेऱ्याला दादाकडे असायची. दादा वाईट नाही, वहिनीही वाईट नाही. पण त्या घरात आईची म्हणून जागा नव्हती. हॉलमधल्या दिवाणावर तिचं अंथरूण, आणि टीव्ही बंद होईपर्यंत ते घालताही यायचं नाही. मला तिला खिडकीची खोली द्यायची होती. आणि सरळच सांगते, मला आई हवी होती. कामावरून दमून आल्यावर घरात कुणीतरी "आलीस का?" म्हणणारं असावं, यापेक्षा मोठी माझी काही मागणी नव्हती.

पण आई यायला तयार नव्हती. आमच्यात म्हाताऱ्या बाईनं लेकीच्या घरी राहणं म्हणजे लेकानं हाकलून दिल्याची दवंडी. आई म्हणायची, "लेकीकडं दोन दिस पाहुणी. तिसऱ्या दिवशी लोक लेकाला नावं ठेवत्यात." मी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, महिनाभर फोन न करून पाहिलं. तिच्यावर ढिम्म परिणाम नाही. हट्ट कुणाकडून आला माझ्यात, ते तेव्हा कळलं.

हे सगळं मी मामांपुढं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, आधी घर तर उभं करू.

घर उभं करायचं म्हणजे तोडफोड. स्वयंपाकघराचा ओटा गेलेला, बाथरूमच्या भिंतीला ओल, फरशी जागोजाग पोकळ. मला रजा मिळणं कठीण, आणि मालक जागेवर नसला की कामगार कसे काम करतात ते काय मी सांगायला पाहिजे? पहिल्याच दिवशी मामा वरून एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आले, धुळीच्या मधोमध ठेवली आणि बसले. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून येईपर्यंत तिथंच होते. म्हटलं, मामा, जेवायला तरी वर जायचं. तर म्हणाले, "रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची न्हाई, मॅडम."

ही प्लँटवरची शिस्त. पुढच्या शिफ्टचा माणूस म्हणजे रिलिव्हर. तो येऊन कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला पंप चालू, सगळा चार्ज समजून घेत नाही तोवर आधीच्यानं हलायचं नाही, मग घरी बायको बाळंत होत असली तरी. तर रोज संध्याकाळी मी माझ्याच घराचा चार्ज घ्यायची. मामा उभं राहून सांगायचे, बाथरूमचं प्लॅस्टर झालं, सिमेंट उरलंय ते झाकून ठेवलंय, मागच्या खोलीत पाय टाकू नका, फरशी ओली हाय. मी "बरं" म्हटल्याशिवाय ते जिना चढायचे नाहीत.

आता कुणाला वाटेल की मामांना बांधकामातलं फार कळत असेल. काडीचं कळत नव्हतं. फरशी बसवणारी पोरं उत्तर प्रदेशातली. मामा चष्म्यातून बघून त्यांना ऐकवायचे, "भैया, ये कोना जरा तिरपा दिखताय." पोरांनी बिचाऱ्यांनी दोनदा फरशी उचलून पुन्हा बसवली. नंतर मी येऊन बघितलं तर फरशी सरळ होती, मामांचा चष्मा तिरपा होता. मुकादम मला हात जोडून म्हणाला, "मॅडम, अंकलजी को थोडा घुमने भेजो."

एकदा तर कहरच झाला. मी संध्याकाळी आले तर स्वयंपाकघरातले उघडे पाइप हिरवेगार! त्यावर पांढरे बाण काढलेले, पाणी कुठून कुठं जातं ते दाखवणारे. गॅसची नळी पिवळी. मुख्य कॉकला सुतळीनं पुठ्ठा बांधलेला, त्यावर मामांच्या अक्षरात "उघडू नये". रंगाऱ्याला पटवून त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा पूर्ण प्लँट करून टाकला होता. मी जे काय तोंड सोडलं! घर आहे का कंपनी, दिवसभर तेच बघते, घरी आल्यावरपण तेच बघू का? मामा शांतपणे उभे. माझं संपल्यावर म्हणाले, उद्या गळालं तर कुठली लाइन हाय ते कळाय नको व्हय? मला हसू फुटलं. रंगारी मात्र बाहेरच्या बाहेर पसार झाला होता.

त्यांना वास येत नसे. प्लँटवर कधीतरी हळूहळू गेलेला. त्याचंही हसण्यावारी न्यायचे. म्हणायचे, नाक कंपनीत जमा केलं, रिटायर होताना परत मागायचं राहून गेलं. पण रंगकाम झाल्यावर या गोष्टीनं त्यांना फार छळलं. आईला दम्याचा त्रास, रंगाचा उग्र वास तिला सोसायचा नाही, हे मी बोलून गेले होते. तेव्हापासून जिन्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ते आत बोलवायचे. दूधवाला, गॅसवाला, वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलगी, कुणी सुटलं नाही. "जरा आत या. वास येतोय का बघा." लोक खिडकीच्या खोलीत उभं राहून नाकानं ओढून बघायचे आणि सांगायचे, येतोय अजून. मामा निराश होऊन खिडक्या आणखी ताणून उघडायचे. शेवटी एकदा दूधवाला म्हणाला, काय न्हाई येत आता, नुसता चुन्याचा येतोय. त्या दिवशी चार्ज देताना मामांनी मला पहिल्यांदा ते सांगितलं, बाकी सगळं नंतर.

वास्तुशांत केली. दादा आईला घेऊन आला, वहिनी आली, कंपनीतले लोक आले. आईनं खिडकीची खोली बघितली, पडद्यावरून हात फिरवला, "चांगलं केलंस" म्हणाली आणि पिशवी उचलून हॉलमध्ये नेऊन ठेवली. संध्याकाळी दादाबरोबर परत जायचं, हे तिनं येतानाच ठरवलेलं. मी स्वयंपाकघरात उगीच भांडी आपटत होते.

पंगत उठल्यावर मामा आत आले. दादाला नमस्कार केला आणि म्हणाले, दादासाहेब, एक अडचण हाय. वास्तुशांत झालेलं घर लगोलग कुलूप लावून ठेवायचं नसतं. मॅडमच्या कंपनीत शटडाऊन लागलाय, सगळा प्लँट खोलून दुरुस्ती चाललीय, रजा न्हाई. मला उद्या इनामगावला जायचंय, भावाचा कांदा काढायचाय. आणि सुतार यायचाय, माळ्याच्या कपाटाची दारं बसायची हायती. मग ते आईकडे वळले.

"आक्का, चार्ज घ्या."

आई म्हणाली, "मी न्हाई बाबा लेकीकडं राहत."

"राहायला कोण म्हणतंय? तुम्ही ड्यूटीवर हायसा. तुमच्या लेकानं कामाला म्हणून ठेवलंय. मी आलो की सुटलात."

दादाकडे बघण्याची माझी छाती झाली नाही. पण तोच म्हणाला, "राहा गं आई, सुतार येईपर्यंत." मामांनी तिथल्या तिथं आईला घरभर फिरवलं. हा कॉक, हे मीटर, दूधवाला कधी येतो, क्षाराचं पाणी कुठल्या नळाला आणि पिण्याचं कुठल्या. आई पदर खोचून मागं मागं. ओट्याखालच्या हिरव्या पाइपांचे बाण तिला माझ्यापेक्षा लवकर समजले.

मामा इनामगावहून परत आले, पण चार्ज घ्यायला काही आले नाहीत. आधी म्हणाले गुडघा धरलाय. मग सूनबाई माहेरी गेलीय. आई जिन्यात गाठून विचारायची, कवा घेताय चार्ज? मामा म्हणायचे, सुतार आला का? न्हाई ना? मग? आणि निघून जायचे. आई चिडायची, सुताराला शिव्या द्यायची आणि संध्याकाळी मी दार उघडलं की म्हणायची, "आलीस का?"

सुताराला शिव्या तर मीही घालत होते. माळ्याचं कपाट उघडं, धूळ नुसती. फोन केला की उद्या, परवा, सणानंतर. शेवटी एका रविवारी मी त्याला भर चौकात पकडला आणि असा काही फैलावर घेतला की रसवंतीवाला बघत राहिला. तेव्हा तो गरीब माणूस कळवळून म्हणाला, "मॅडम, दारं तयार हायती हो. दुकानात उभी हायती कवाची. मामाच म्हणले, मी सांगितल्याबिगर बसवायची न्हाईत."

मी तशीच घरी आले आणि वर मामांकडे गेले. मामा गॅलरीत बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं. गॅलरीच्या कठड्याला त्यांनी उगीचच उलटा हात लावला.

"काम संपलं की माणूस निघतं, मॅडम," ते म्हणाले. "म्हणून ठेवलं थोडं."

मी गेले होते भांडायला. भांडण काही जमलं नाही. त्यांच्या सुनेनं दिलेला चहा पिऊन खाली आले. सुताराचा फोन आला, पाठवू का दारं? मी म्हटलं, राहू द्या तूर्त.

मामा गेले ते इनामगावलाच. सकाळी भावाच्या रानात गेले होते, बांधावर बसले आणि बसल्या जागीच गेले. कुणाला हाक नाही, काही नाही. दहाव्याला बिल्डिंगच्या लोकांनी जीप केली. आईला एवढा प्रवास झेपायचा नाही म्हणून मी नको म्हणत होते, पण ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन खाली जाऊन बसली. घोडनदीच्या काठावर विधी झाले. दादाही तळेगावहून गाडी घेऊन आला होता, आईला भेटायला येऊन येऊन मामांचा त्याला लळा लागला होता. सगळं आटोपल्यावर तो आईजवळ आला.

"आई, मामा गेले," तो म्हणाला. "आता तू कशाला अडकून राहतेस? गाडी रिकामीच आहे. चल तळेगावला."

त्याचं चुकत नव्हतं. तिला ज्यानं ड्यूटीवर बसवलं होतं तोच माणूस आता नव्हता, मग कोण कुणाचा चार्ज घेणार? मी नदीकडे तोंड करून उभी राहिले.

आई जीपचा दांडा धरून आत चढली, खिडकीजवळ बसली, पदर सारखा केला.

"न्हाई रं," ती म्हणाली. "दुधाला विरजण लावायचं राह्यलंय. घरी जाऊ दे मला."

तोवर माझ्या घराला ती नेहमी "हिच्याकडं" म्हणायची. दादाच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्यानं मान हलवली आणि जीपचं दार बाहेरून नीट लावून दिलं. मी आईशेजारी बसले. न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला तिच्याकडे बघता आलं नाही. हे ऐकायला मामा पाहिजे होते, तेवढंच सारखं मनात येत होतं.