रजा मंजूर झाली होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. इथे आयर्लंडमध्ये चर्चमध्ये एक लाकडी खोकं असतं, त्यात बसून जाळीपलीकडच्या फादरला पाप सांगायची सोय असते. आपल्यात तीही नाही. म्हणून तुम्हाला सांगतो — पण एकदम मुद्द्यावर यायला जमेल असं वाटत नाही. आधी थोडं समुद्राचं बोलू?

मी वॉटरफोर्डला डॉक्टर आहे, एकटाच राहतो. तिथून गाडीने थोड्याच अंतरावर ट्रॅमोर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे जत्रा भरते. मी मात्र जायचो हिवाळ्यात — पाळणे ताडपत्रीखाली, आइस्क्रीमच्या दुकानाला कुलूप, वाळूवर कुत्र्याला फिरवणारी एखादी बाई. मला असली ओसाड गावं आवडतात. सीझन संपलेल्या गावात तुमच्याकडून कुणाला काही नको असतं. मग लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरची हद्द आली आणि ट्रॅमोरही हद्दीबाहेर गेलं. त्या हिवाळ्यात वॉर्डात काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही. दोन घास खायला वेळ मिळाला की मी फोनवर फोटो बघत बसायचो. पूर्व युरोपातली कम्युनिस्ट राजवटीतली स्मारकं — टेकडीवर काँक्रीटचे अवाढव्य पुतळे, चिटपाखरू नाही, आणि खाली मिटून पडलेलं समुद्रकाठचं गाव.

ही आवड काही आभाळातून पडली नव्हती. माझे बाबा लाल बावट्याचे. नाशिकला विमा कंपनीत कारकून, युनियनचे सेक्रेटरी. घरी रशियाहून गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं. बाबांचं वाचून झालं की आई त्याची कव्हरं माझ्या पुस्तकांना घालायची. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर कायम कुठला तरी दगडी सैनिक बंदूक घेऊन उभा असायचा. बाबांना ते देश एकदा डोळ्यांनी बघायचे होते. प्रत्यक्षात माणूस कधी शिर्डीलासुद्धा गेला नाही — तेही तत्त्व म्हणून.

आई अगदी उलट. चतुर्थ्या, एकादश्या, सगळं. बाबा तिला चिडवायचे आणि ती चिडायची नाही, हीच तिची जीत. ‘‘माझ्या अस्थी मिलिंदच्या हातून जाऊ देत,’’ ती माझ्याकडे बघत म्हणायची, ‘‘तुम्ही नका हं येऊ रामकुंडावर, तिथेही घोषणा द्याल.’’ हसत म्हणायची, पण दरवर्षी म्हणायची.

दुसऱ्या लाटेत आई गेली. तेव्हा मला जाता आलं नाही, आणि हे खरं आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण यापुढचं तसं नाही.

बाबांनी एकट्याने सगळं केलं. अस्थींचा कलश हातात घेऊन जिना चढत होते तेव्हा शेजारच्या काकूंनी सांगितलं, अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला बांधून ठेवतात. बाबा म्हणाले, ‘‘मग हिला ठेवू कुठे? पार्किंगमध्ये?’’ आणि त्यांनी कलश स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या फळीवर, तिच्या चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवला. रामकुंड आमच्या घरापासून रिक्षाने कितीसं लांब? पण ते थांबले. अख्खा पावसाळा थांबले. देवळाची पायरी न चढलेला माणूस — बायको म्हणाली होती मिलिंदच्या हातून, म्हणून थांबला. फोनवर विषयसुद्धा काढायचे नाहीत. प्रवासाचे निर्बंध सैल झाले तेव्हा मात्र एकदा म्हणाले, ‘‘दिवाळीच्या आत जमेल का रे तुला?’’ त्याआधी त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

आमच्या वॉर्डची सिस्टर ब्रीडा. साठीला आलेली, आवाज कडक, मन लोण्याचं. चहा पिताना मी तिला हे सांगितलं — खरं तेवढंच सांगितलं — आणि तिचे डोळे भरून आले. तिने दोन दिवसांत तीन डॉक्टरांना गाठून माझ्या ड्यूट्या वाटून टाकल्या, वरच्या साहेबांशी बोलली, दहा दिवसांची रजा मंजूर करून आणली. ‘‘तू घरी जा, आईचं नीट कर. इथे आम्ही ग्रँड आहोत.’’ इकडे ‘ठीक’ला ग्रँडच म्हणतात. वर एक मास कार्ड दिलं. मेलेल्या माणसाच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना होते, त्याचं ते कार्ड. म्हणजे वॉटरफोर्डच्या कुठल्या तरी फादरने त्या रविवारी अडखळत का होईना माझ्या आईचं नाव घेतलं असणार.

आणि मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं — रजा मिळत नाही. माणसं कमी आहेत, पेशंट वाढलेत, यंदा काही शक्य दिसत नाही.

मग डब्लिन ते सोफिया तिकीट काढलं.

का? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. थकलो होतो, असं उत्तर येतं. पण थकलेला माणूस झोपतो हो. मी विमान पकडून बल्गेरियाला गेलो, तिथून दिवसभर बसमध्ये बसून काळ्या समुद्रापर्यंत गेलो. मला ती फळी बघायची नव्हती. बाबांना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचं असेल तर माझा खांदा मला द्यायचा नव्हता. याला काय म्हणतात? भ्याडपणाच म्हणतात, दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

बाल्चिक नावाच्या गावात राहिलो. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, हॉटेलात मी एकटा पाहुणा, मालकीणबाई स्वेटर घालून टीव्ही बघतेय. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — पहिले दोन दिवस मला खरंच खूप बरं वाटलं. आणि प्रत्येक फोटो काढताना बाबाच आठवायचे. हे त्यांना पाठवलं असतं तर म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुसून पाहिलं असतं. पण कसं पाठवणार? मी तर ड्यूटीवर होतो ना.

परत आल्यावर ब्रीडाने विचारलं, आईचं सगळं व्यवस्थित झालं का. मी हो म्हणालो. तिने माझा हात दाबला. तोही मी दाबू दिला.

तुम्ही म्हणाल, रजेबद्दल खोटं तर सगळेच बोलतात. बोलत असतील. पण सांगायचं ते हे नव्हतं. इतका वेळ मी नुसता भोवती फिरतोय. मधल्या एका सकाळचं राहिलंय.

बाल्चिकहून बसने जाण्यासारख्या वार्ना शहराच्या कडेला टेकडीवर सोव्हिएत मैत्रीचं स्मारक आहे. लांबच लांब पायऱ्या, वर काँक्रीटचे सैनिक, त्यांच्यासमोर पाव-मीठ घेऊन स्वागताला उभ्या असलेल्या बायका. सकाळची वेळ, मी सोडून कुणी नाही. मी सैनिकांच्या पायाशी उभा होतो आणि बाबांचा फोन आला.

ते रामकुंडावर होते. दिवाळी तोंडावर आली होती, मी येणार नव्हतो, म्हणून शेवटी कलश घेऊन एकटेच रिक्षाने गेले होते. मला आधी सांगितलंही नव्हतं — उगाच ड्यूटीत मनाला लागेल म्हणून. फोन केला तो अडलं म्हणून. गुरुजी गोत्र विचारत होते आणि ते बाबांना माहीत नव्हतं. ‘‘अरे, आपलं गोत्र काय? तुझ्या आईने तुला सांगून ठेवलं असेल.’’ आवाज ओशाळलेला. आयुष्यभर मॉस्कोचे गोडवे गाणारा माणूस घाटावर उभा राहून मुलाला गोत्र विचारतो आहे, आणि घाटावर ज्याने असायला हवं होतं तो मुलगा कुठे उभा आहे!

मी म्हणालो, वसिष्ठ. त्यांनी ते मोठ्याने गुरुजींना सांगितलं. मग मला म्हणाले, वाऱ्याचा आवाज कसला येतोय? मी म्हणालो, कोविडमुळे वॉर्डाच्या खिडक्या उघड्या ठेवतो. आयर्लंडमध्ये तेव्हा पहाट होती. नाइट अजून संपायची आहे, असंही म्हणालो. किती पटकन सुचलं सगळं.

‘‘मग दोनच मिनिटं व्हिडिओ लावतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुझ्या हातून नाही तर नाही, तुझ्या डोळ्यांसमोर तरी होऊ दे. तिला तेवढंच.’’

मी म्हणालो, वॉर्डात व्हिडिओ चालत नाही, बाबा.

ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे. पेशंट आधी.’’ मागे गुरुजींना सांगताना ऐकू आलं — मुलगा डॉक्टर आहे, ड्यूटीवर आहे. त्या आवाजात अभिमान होता.

पेशंट आधी म्हणाले, तरी दोन मिनिटांनी त्यांनी व्हिडिओ कॉल लावलाच. वाटलं असेल, पोरगा एखाद्या कोपऱ्यात जाईल, तेवढं बघून घेईल. मी कट केला. थोड्या वेळाने पुन्हा लावला. तेव्हा कलश त्यांच्या हातात असणार.

मी रजेवर होतो. फोनला रेंज होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तोही कट केला.