एका नावाची यादी

नुबार तेर्झियान जेरुसलेमच्या पोलिसात सतरा वर्षं झिजलेला अर्मेनियन फौजदार. अरब त्याला ज्यूंचा समजत, ज्यू त्याला अरबांचा. तरी दोन्हीकडच्या गल्ल्या त्याच्या पायाखालच्या.

१९४८च्या एप्रिलात इंग्रज निघायच्या तयारीत होते. शहर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ठेवायचं चाललं होतं. ते राखायला किती फौज लागेल, याचा सल्ला द्यायला एक परदेशी कर्नल आला आणि त्याला शहर दाखवायचं काम नुबारच्या गळ्यात पडलं.

जुन्या शहराच्या तटावर उभं राहून कर्नलनं विचारलं, "चार हजार शिपाई पुरतील?"

"साहेब, चाळीस हजार आणलेत तरी पहिल्याच बोळात वाट चुकतील. कुठल्या दारामागं कोण राहतं हे ठाऊक असलेली माणसं आधी हवीत."

"मग द्या त्यांची नावं. पत्त्यांसकट. शनिवारपर्यंत."

बोलून बसलो, असं नुबारला झालं. गेल्याच आठवड्यात एका हवालदाराला परक्यांचा हस्तक म्हणून दुकानाच्या पायरीवर गोळी घातली होती.

तरी तो जुन्या सोबत्यांकडे फिरला. एकतीस जण तयार झाले. ज्यू जमादार एलियाहू कुजबुजला, "घाल माझं नाव. फक्त बायकोला कळू देऊ नकोस."

नुबारच्या घरी त्याची बायको अराक्सी दलिया निवडत होती. "अहो, कागद फुटला तर? एकतीस घरांच्या शिव्या तुम्ही घेणार?"

 दार वाजलं की नुबार आधी फटीतून बघायचा.

शनिवारी त्यानं कागद दिला. त्यावर एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं.

"ही काय थट्टा?" कर्नल तडकला.

"फौज खरंच आली की बाकीच्यांना मी घरोघर जाऊन आणीन, साहेब. तोवर त्यांना माझ्या डोक्यातच राहू द्या."

फौज आली नाही. मे महिन्यात इंग्रज गेले, लढाई पेटली. तिसऱ्याच दिवशी इंग्रजांनी सोडलेल्या कचेरीतला तोच कागद घेऊन चार बंदूकवाले नुबारच्या दारात उभे राहिले.

"बाकीचे कोण?"

"लिहिलंय तेवढंच."

बंदुकीच्या दस्त्याच्या घावानं त्याचे दोन दात पडले. अराक्सी आत तोंडात डोईचा रुमाल कोंबून बसली होती. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी त्यांचा म्होरक्या हसला. "एकटा शहर राखणार होता म्हातारा! चला रे."

तोंडाची सूज उतरायच्या आत नुबार अर्मेनियन मठाच्या टाक्यावर जाऊन उभा राहिला. शहराला पडलेल्या वेढ्यात पाणी मापून मिळत होतं आणि रांगेत रोज हातघाई व्हायची. "माणशी एकच डबा! आजी, तुम्ही पुढं या," तो बोबड्या तोंडानं ओरडायचा, आणि लोक ऐकायचे.