गाडी चार्जिंग घेत नव्हती तेव्हा

आमच्या संसारातले सुखाचे दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगते, दूधसंस्थेची पिकअप चार्जिंग घेत नव्हती ते. ऐकणारी हसते. हसू दे. जिला नवरा रोज दिवसाउजेडी दिसतो, तिला यातलं काय कळणार?

हे गावच्या सहकारी दूधसंस्थेच्या गाडीवर ड्रायव्हर होते. यांचं नाव मी तेव्हाही घेत नव्हते, आताही घेणार नाही. 'हे' म्हटलं की आमचे हे, एवढं धरून चालावं. आमचं गाव वडवणीच्या अलीकडं. पहाटे हे दुधाचे कॅन भरून शीतकरण केंद्रावर जायचे, दुपारी येऊन जेवून लवंडायचे आणि संध्याकाळचं दूध घेऊन पुन्हा जायचे ते गाव झोपल्यावर परत. घरात सासूबाई, हे आणि मी. खोल्या दोन. दुपारी नवऱ्याजवळ बसून बोलायची सोय नव्हती, दारातून कोण डोकावेल याचा नेम नसे. रात्री यांना ताट वाढायचं, ताट उचलायचं, तोवर यांची पाठ टेकलेली. लग्नानंतर कितीतरी दिवस मला यांच्या बोलण्यापेक्षा घोरणंच जास्त ओळखीचं होतं.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, कडबा संपला आणि गावची जनावरं चारा छावणीत गेली. जनावरांमागं माणसं गेली. गावात उरल्या बाया आणि लेकरं. दूध आता छावणीतच निघायचं, त्यामुळं संध्याकाळी आमची पिकअप रिकामे कॅन आणि भाकरीची गाठोडी घेऊन तिकडं जायची. दिवस कलला की बाया तव्यावरची गरम भाकरी फडक्यात बांधून गाडीशी यायच्या. कुणाचं फडकं लुगड्याच्या काठाचं, कुणाचं धोतराचं. कुठलं गाठोडं कुणाच्या माणसाचं, हे यांना तोंडपाठ. तिथं भाकरी उतरवायच्या, दूध भरायचं आणि केंद्र गाठायचं.

मग गाडीनं नखरे सुरू केले. गाडी जुन्या घडणीची, पेट्रोलवर चालणारी, संस्थेनं सेकंडहँड घेतलेली. एका संध्याकाळी छावणीवरून निघताना तिचे दिवे आधी पिवळे पडले, मग चिमणीच्या ज्योतीएवढे झाले आणि शेवटी इंजिनच थंडावलं. बॅटरी पार उतरली होती. दूध रस्त्यातच नासलं. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या चेअरमननी सांगून टाकलं, बिघाड सापडेपर्यंत दिवे लावून गाडी चालवायची नाही. दिव्यांशिवाय बॅटरी कशीबशी पुरायची. म्हणून पहाटेची फेरी उजाडल्यावर जाऊ लागली, संध्याकाळची भर दुपारवर आली, आणि दिवस मावळायच्या आत हे घरी.

पहिल्या दिवशी मी चुलीपुढं बसले होते. दारात पायताण वाजलं, वर बघते तर हे. मी म्हणाले, "काय विसरलं का?"

"न्हाई. आलो."

"आलो म्हंजी?"

"घरी आलो. घरी बी येऊ नये का मानसानं?"

तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई आतून ओरडल्या, तरी मी तशीच बसून होते.

त्या दिवसापासून यांना माझ्या हातची गरम भाकरी मिळू लागली. हे चुलीशी येऊन बसायचे, एक तव्यावर, एक यांच्या ताटात. हे बोलके आहेत हे मला तेव्हा कळलं. कुठल्या वस्तीवरची म्हैस कुणाला दूध देत नाही, केंद्रावरचा माणूस दूध तपासताना कसं तोंड करतो, सगळं नक्कल करून दाखवायचे. मी हसले की सासूबाई खोकायच्या.

जेवण झालं की हे बॅटरी हातात देऊन म्हणायचे, "चल, उजेड धर. गाडी बघू." बॅटरी म्हणजे हातातली, टॉर्च. गाडी घरापुढच्या उतारावर नाक खाली करून उभी असायची, सकाळी ढकलून चालू करता यावी म्हणून. मला उजेड धरायला लावून हे वायरी चाचपायचे, नट हलवून बघायचे, आणि थोड्या वेळानं आम्ही दोघं पुढच्या सीटवर दारं लावून बसलेलो असायचो. दोन खोल्यांच्या घरात आम्हाला न मिळालेली खोली त्या गाडीत होती. सासूबाईंना सगळं कळत होतं. एकदा ओट्यावरून म्हणाल्या, "कावून रं, बिगाड गाडीत हाय का बायकोच्या तोंडात? तिच्याच तोंडाकडं बघून र्‍हायलास." हे लाजून खाली उतरले आणि उगाच बॉनेट उघडून उभे राहिले.

बिघाड शोधायला कसूर मात्र झाली नव्हती. वडवणीचा मिस्त्री यांचा जिवाभावाचा दोस्त. दोघं एकमेकांशी बोलताना 'बे'शिवाय वाक्य पुरं होत नसे. त्यानं आधी बॅटरीच्या खांबांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली. मग पट्टा ताणला. मग अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारं यंत्र, खोलून त्यातले कार्बन बदलले. दुकानात मेजावर बांधून फिरवला की तो छान वीज द्यायचा, गाडीत बसवला की पुन्हा मुका. मग कटआऊट, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणारी डबी, बदलली. मग इंजिनापासून सांगाड्यापर्यंत नवी अर्थिंगची वायर टाकली. चेअरमननी सुचवलं, "इंजिन चालू ठिवून बॅटरीचा खांब काढून बघ. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला." मिस्त्री ओरडलाच, "चेअरमन साब, वो पुराने डायनामो को चलता था. याला तसं केलं तर याचं पोट जळंल."

चक्रावून टाकणारी गोष्ट एकच होती. संस्थेची सरकी पेंड आणायला गाडी धारूरला गेली की घाट चढून आल्यावर बॅटरी भरलेली असायची. सपाट रस्त्याला कधीच नाही. धारूर माझं माहेर. हे म्हणायचे, "गाडीला बी तुज्या माहेरचं पानी मानवतंय." मी म्हणायचे, "मग तिला तिकडंच ठिवा, मला बी ठिवा." मिस्त्री डोकं खाजवत म्हणायचा, "चार्जिंग नसली की लागणारा लाल दिवा तर लागत न्हाई. म्हंजी चार्जिंग चालू पाहिजे. पण न्हाई. अजब हाय." गाडी त्याच्याकडं जायची ती चालू इंजिनानं. यंत्र काढायला बंद केली, तरी पुन्हा ढकलूनच चालू करायची; चावी लावून इंजिन बंद, अशी ती तिथं कधी उभीच नसायची.

मला हे सगळं ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर माझी देवाला एकच विनवणी असायची, सापडू नये. गावात बाकीच्या बाया एकट्या. शेजारीण म्हणायची, "तुजी बाई चंगळ हाय. तुजा दादला चुलीपाशी, आमचा ढोरांपाशी." मी तोंडावर पदर धरायचे, पण हसू लपायचं नाही.

पण त्या हसण्याला काही दिवसांनी डाग लागला. फेरी दुपारी जायची, म्हणून बायांना सकाळच्याच भाकरी द्याव्या लागायच्या. माणसं त्या रात्री खायची. उन्हानं भाकरीचं लाकूड व्हायचं. त्यात दूधही बोंबललं होतं. भर दुपारी जनावर पान्हा सोडेना, म्हणून लोक संध्याकाळी धार काढून खाजगीवाल्याच्या जीपमध्ये घालू लागले. चेअरमननी यांना बोलावून सांगितलं, "चार-दोन दिवसांत गाडी सुधारली तर ठीक. न्हाईतर संध्याकाळची फेरी बंद. मंग तुमचं बी अर्धं काम बंद." हे घरी आले ते तोंड पाडून. म्हणाले, "एक फेरी गेली की संस्था जाती बघ. लोक एकदा तुटले की परत येत न्हाईत." त्या संध्याकाळी नकला झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण गाठोडं घेऊन आली आणि गाडीपाशीच रडायला लागली. तिचा सासरा छावणीत होता. तोंडात दात नाही. भाकरी पाण्यात भिजवून खायचा, आणि तिथं पाणी मापून मिळायचं. म्हणाली, "म्हातारा प्यायचं पानी भाकरीत घालतोय." यांनी गाठोडं घेतलं आणि सीटवर आपल्याजवळ ठेवलं. माझ्यानं तिच्याकडं बघवलं नाही.

त्या दिवशीही हे उजेडीच आले. गाडी उतारावर लावली आणि मला हाक मारली. बॅटरी आदल्या दिवशी वडवणीला भरून आणलेली होती. मी शेजारी जाऊन बसले. यांनी इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. पेट्रोलचा काटा उठला. बाकी सगळं मुकं.

मी स्टिअरिंगपुढच्या, काटे बसवलेल्या फळीकडं बघत राहिले. तिथं काहीतरी कमी होतं. आणि मला एकदम आठवलं. लग्नानंतर याच गाडीतून मी सासरी आले होते, याच सीटवर, मान खाली घालून. नव्या नवरीला वर बघायची मुभा नव्हती, म्हणून मी समोरच्या फळीकडंच बघत होते. यांनी चावी फिरवली तेव्हा तिथं एक लाल दिवा लागला होता आणि इंजिन चालू झाल्यावर विझला होता. आता चावी फिरली होती, इंजिन बंद होतं आणि दिवा लागलाच नव्हता.

मी काही संत नाही. तोंडाशी आलेलं गिळून टाकावं असं वाटलं. मला वायरींतलं काही कळत नव्हतं, पण यांना एवढं सांगितलं तर पुढचं हे शोधणार, गाडी सुधारणार आणि माझ्या संध्याकाळी जाणार, हे मला चांगलं कळत होतं. यांनी चावी मागं फिरवायला हात घातला. डोळ्यांपुढं तो म्हातारा आला, पाण्यात भाकरी कालवणारा.

"अहो, हितं लाल दिवा लागायचा ना?"

"इंजिन चालू झालं की विझतो तो."

"पन आता कुठं इंजिन चालू हाय?"

यांचा हात थांबला. यांनी चावी पुन्हा मागं-पुढं करून बघितली. मग फळीखाली हात घालून दिव्याची टोपी ओढून काढली. आतला दिवा एवढासा, गहू-हरभऱ्याएवढा. काच काळी, आतली तार तुटलेली. हे त्याच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. मला वाटलं आता उड्या मारतील.

उड्या मारल्या नाहीत. यांनी काचेतून मावळतीकडं बघितलं. ऊन अजून डोंगरावर होतं.

"उद्या मिस्त्रीला बोलवू," हे म्हणाले.

"आज कावून न्हाई? दिवस हाय की अजून."

"उद्या."

दिवा खिशात टाकला आणि दोन्ही दारं लावून घेतली. आम्ही कितीतरी वेळ बसलो. यांनी माझा हात धरला होता, उघड्यावर, उतारावर, सासूबाई ओट्यावर असताना. पाऊस झाला की गाडी घेऊन जोडीनं लिंबागणेशला चतुर्थीला जाऊ, असं ठरवलं. पुढं आम्ही गेलो, नाही असं नाही, पण एसटीनं, सासूबाई आणि दोन लेकरं घेऊन. त्या संध्याकाळी हे तीन भाकरी जेवले आणि चौथी मागितली.

सकाळी मिस्त्री दारातच आला. नवा दिवा बसवला, चावी फिरवली, लाल उजेड पडला. चार जणांनी गाडी ढकलली, इंजिन लागलं, दिवा विझला. मिस्त्रीनं हेडलाइट लावून भिंतीवर झोत पाडला, इंजिन वाढवलं, झोत पांढरा झाला. "या दिव्यातूनच थोडं करंट जातंय, तवाच अल्टरनेटर जागा होतो, भाभी," तो मला म्हणाला. "घाटात इंजिन लई पळायचं, म्हून तो आपला आपण जागा व्हायचा. सपाटीला झोपायचा."

हत्यारं पिशवीत भरता भरता तो यांच्यावर खेकसला, "आणि तू बे, माजी वाट कशाला बघितली? शेजारी उष्णतेच्या काट्याचा दिवा ह्याच मापाचा हाय. तो काढून हितं लावला असता तर काल संध्याकाळीच फेरी झाली असती. हजार डाव तूच तर केलंय असं अदलाबदल."

मी यांच्याकडं बघितलं. हे हात पुसत होते. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसत होते.

त्या दिवशी दिवस कलता कलता गाडी गरम भाकरी घेऊन छावणीला गेली. फेरी टिकली, संस्था टिकली, आणि आमचं पहिल्यासारखं झालं, ताट वाढायचं, ताट उचलायचं. आदल्या संध्याकाळची गोष्ट मी यांना कधी विचारली नाही आणि यांनी कधी काढली नाही.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात आता माणसं पुष्कळ आहेत, सुना चांगल्या आहेत, मला काही कमी नाही. तरी डोंगरावरचं ऊन उतरायला लागलं की माझा जीव यांच्यासाठी तळमळतो. वाटतं, शेजारी येऊन बसावं, दारं लावून घ्यावीत, आणि जायची वेळ झाली म्हणून कुणी हाक मारली तर एवढंच म्हणावं, उद्या.