थोरली, धाकटी आणि तो

“अंगठी काढा.”

हे त्याचं पहिलं वाक्य. नमस्कार नाही, या-बसा नाही. गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी तो गिऱ्हाइकासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, “अंगठी काढा. घड्याळबी.” पहिल्यांदा आलेला माणूस दचकायचा. एक किराणा दुकानदार तर मूठ आवळून माझ्याकडे धावत आला होता, “शेठ, तुमच्या शेडमध्ये भरदिवसा लुटतात की काय?”

मग तो स्वतःचं मधलं बोट दाखवायचा. बोटाभोवती पांढरा वण होता, अंगठीसारखाच गोल. दिघीच्या मिलिटरी वर्कशॉपात नवा लागला होता तेव्हा पाना बॅटरीच्या दोन टोकांवर टेकला आणि मध्ये त्याची चांदीची अंगठी सापडली. “चांदी लाल झालेली म्या पाहिली हाय,” एवढंच सांगायचा. त्यानंतर गिऱ्हाईक निमूटपणे अंगठी काढायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाला हात लावायच्या आधीच ती आपल्याला गप्प करतात. मला मात्र कोणी गप्प केलेलं आवडत नाही, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

माझी शेड कासारवाडीला, पुण्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या कडेला. मी या भागात आलो तेव्हा पोत्यावर जुने नटबोल्ट मांडून बसत होतो. पुढे मिलिटरीच्या लिलावातल्या गाड्या घेऊन, ठाकठीक करून विकायला लागलो. माझ्या पाठीशी ना बाप होता ना बँक. घासाघीस हेच माझं शिक्षण. त्यात पहिला आकडा हा आकडा नसतोच. ‘नाही’ म्हणजे नाही नसतं. उठून चालायला लागणं म्हणजे जाणंही नसतं. मागून हाक येईपर्यंत किती पावलं टाकायची, ते मला पाठ आहे. सात. आठव्या पावलाला समोरचा हाक मारतोच.

हा माणूस शेडच्या कोपऱ्यात बसायचा. कोपरा माझा, हत्यारं त्याची. माझ्या गाड्यांचं वायरिंग आणि बॅटऱ्यांचं काम आधी करायचं आणि मग बाहेरचं, असं आमचं ठरलं होतं. दिघीच्या जुन्या शेतकरी घरातला. बोलणं गावाकडचं, आणि तेही मोजकं. माझं दहा मिनिटं ओरडून झालं की तो म्हणायचा, “बरं.”

तर एका वर्षी एका कंपनीतल्या इंजिनिअर साहेबांना मी एक जीप विकली. फोर-व्हील ड्राइव्ह, लिलावातली, पण इंजिन ठणठणीत. साहेबांना एक नाद होता. चाकणच्या पुढे भीमाशंकरच्या वाटेला लागायचं, जंगलाच्या कडेला तंबू ठोकायचा आणि टेपरेकॉर्डरवर पक्ष्यांचे आवाज भरून आणायचे. बायको-मुलगी बरोबर. लोक चाकणला कांदा घ्यायला जायचे, हे पक्षी ऐकायला जायचे. असो, नाद ज्याचा त्याचा, गिऱ्हाईक माझं.

दोन आठवड्यांनी साहेब तणतणत शेडवर आले. मागे बाईसाहेब, त्या जीपमधून उतरायलाही तयार नव्हत्या. झालं असं होतं की तंबूतला दिवा आणि टेपरेकॉर्डर दोन्ही गाडीच्या बॅटरीवर लावले होते. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. हँडल मारून साहेबांचा खांदा धरला. शेवटी गावातल्या एका शेतकऱ्यानं बैलजोडी जुंपून जीप ओढली तेव्हा कुठे ती सुरू झाली.

“बैलांनी ओढायची होती तर मी बैलगाडीच घेतली असती,” साहेब म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, दुसरी बॅटरी टाकून देतो. शुक्रवारी गाडी घेऊन जा.”

साहेब गेल्यावर मी त्याला हुकूम सोडला. “जुनीच्या शेजारी दुसरी ठेव. लालला लाल जोड, काळीला काळी. तासाभराचं काम.”

तो जमिनीवर बसून विडी पीत होता. “आन् सकाळी?”

“सकाळी काय?”

“सकाळी दोघीबी निजलेल्या. मग परत बैल.”

त्यानं दोन्ही बॅटऱ्या पुढ्यात ओढल्या आणि मुली बघायला आलेल्या सोयऱ्याला सांगावं तसं मला समजावलं. “ही थोरली. हिचं काम येकच, सकाळी इंजिन उठवायचं. ही धाकटी. दिवा, टेप, काय वाजवायचं ती हिच्यावर. थोरलीच्या डब्यात धाकटीनं हात घालायचा न्हाई.”

“आणि धाकटीचं पोट कोण भरणार?”

“गाडी चालंल तवा डायनॅमो भरंल. आदी थोरलीचं भरू द्यायचं, मंग खटका फिरवून धाकटीला जेवाय वाढायचं. तंबू ठोकला की खटका मधी. मंग दोघींच्या मधलं दार बंद.”

माझ्या घरी दोन भावजया एका स्वयंपाकघरात होत्या, त्यामुळे मुद्दा मला लगेच पटला. पण तोंडानं मी म्हणालो, “शुक्रवारी गाडी द्यायची आहे. तुझ्या सासुरवासाच्या गोष्टी शनिवारी सांग.”

“बरं,” तो म्हणाला, आणि चार दिवस लावले.

खटका त्यानं मिलिटरीच्या भंगारातून शोधून आणला, पितळी, कोंबडीच्या पायाएवढ्या दांडीचा. अंगठ्याएवढी जाड केबल टाकली. धाकटीसाठी मागच्या सीटखाली लाकडी पेटी बनवली. पेटीला एक रबरी नळी लावून ती गाडीच्या तळातून बाहेर काढली. मी विचारलं, ही कशाला. तर म्हणाला, बॅटरी भरताना वाफ सोडते आणि ती वाफ वाईट. मागच्या सीटवर साहेबांची मुलगी निजते, हे त्यानं साहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं.

एका दुपारी मी शेडवर आलो तर हा जीपच्या मागच्या सीटवर डोळे मिटून आडवा. गुडघ्यापासून पाय गाडीच्या बाहेर. रस्त्यावरचे दोघं-तिघं उभे राहून बघत होते.

“मी इथं गिऱ्हाइकाला तोंड देतोय आणि तू झोपा काढतोस?”

“पोरीचं डोकं कुठं येतंय ती बघतो, शेठ,” तो डोळे न उघडता म्हणाला. मग उठला आणि आधीच ठोकून बसवलेली पेटी उचकटून दुसऱ्या टोकाला नेली. माझा शुक्रवार तिथंच गेला.

आता आमच्या मोठ्या भांडणाकडे येतो. साहेब गाडी बघायला आले. मी त्यांना जी दुसरी बॅटरी दिली होती ती माझ्या साठ्यातली होती. जुनी, अर्धे सेल बदललेले, वरचं डांबर मात्र नव्यानं ओतलेलं, चकचकीत. साहेब पेटीत वाकून म्हणाले, “नवी दिसते.”

“नवीच समजा,” मी म्हणालो. यात खोटं काही नाही. समजायचं की नाही हे गिऱ्हाइकानं ठरवायचं.

मागून आवाज आला, “धाकटी म्हातारी हाय, साहेब.”

साहेब आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. बाईसाहेबसुद्धा हसल्या. मला कोरी बॅटरी काढून द्यावी लागली, तीही ठरल्या भावात. साहेब गेल्यावर मी त्याच्यावर असा काही बरसलो की शेजारचा पंक्चरवाला दुकान सोडून बघायला आला. शेवटी मी म्हटलं, “उद्यापासून या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्याचे पाय जीपखालून बाहेर आलेले.

“येऊ नको म्हटलं होतं ना?”

“व्हय. पर नवी बॅटरी अर्धा बोट उंच हाय, पेटीत बसत न्हाई. तुमचं भांडान झालं शेठ, माजं काम कुठं झालंय?”

पेटी नीट होईपर्यंत माझा राग ओसरला आणि मीच चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात साहेब आले ते खुशीत. दोन दिवस दिवा, टेप सगळं चाललं आणि सकाळी गाडी एका किल्लीत उठली. तो शेतकरी बैल घेऊन हजर होता म्हणे. जीप सुरू झाल्यावर बिचारा थोडा नाराज होऊन परत गेला.

त्यानंतर जीपवाले येऊन त्याच्याकडे थोरली-धाकटी बसवून मागू लागले. तळेगावकडचे एक डॉक्टर आले, धरणाच्या कामावरचे एक ओव्हरसियर आले. माझं आणि त्याचं भांडणही चालूच राहिलं. वर्षातून चार-पाच वेळा तरी मी त्याला काढून टाकलं असेल. तो “बरं” म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुठलंतरी अर्धं काम पुरं करायला हजर. मी समजून चाललो की याला माझी भाषा कळते. शेठ ‘जा’ म्हणतो याचा अर्थ ‘जा’ होत नाही, हे त्याला उमगलंय. इथं मी फसलो.

एका सकाळी साहेब पुन्हा आले. गाडीचं काम नव्हतं. त्यांच्या कंपनीत सामान वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या आल्या होत्या आणि त्या सांभाळायला जाणता माणूस हवा होता. “तुमचा माणूस द्या,” साहेब म्हणाले. “सर्टिफिकेटचं मी बघतो.”

मी हसलो. “साहेब, तो यायचा नाही. त्याच्या मर्जीचा राजा आहे.”

“विचारून तर बघू.”

साहेब त्याच्याशी कोपऱ्यात बराच वेळ बोलले आणि गेले. मग तो हात पुसत माझ्याकडे आला.

“शेठ, जाऊ का?”

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो, लाज वाटली तरी. मला वाटलं, एवढी वर्षं माझ्या शेजारी बसून शेवटी हाही सौदा करायला शिकला. कंपनीचं नाव पुढे करून माझ्याकडून काहीतरी काढायला बघतोय. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, दोन दिवस ताणायचं, तिसऱ्या दिवशी त्याला शेडमध्ये भागी देऊन टाकायची. भागी द्यायचं मी तिथल्या तिथं ठरवलं होतं. पण पहिला शब्द कसा टाकायचा ते ठरलेलं असतं.

मी म्हणालो, “जा की. कोणी अडवलंय? तुझ्यासारखे छप्पन मिळतात.”

“खरंच जाऊ?”

“मी काय खोटं बोलतो?”

“बरं.”

त्या दिवशी तो दुपारचं जेवायलाही उठला नाही. चार्जिंगला लावलेल्या सगळ्या बॅटऱ्या उतरवल्या, एकेकीत पाणी घातलं, डॉक्टरांच्या गाडीचा खटका बसवून टाकला, कोपरा झाडला. मला वाटलं, मला दाखवायला चाललंय. संध्याकाळी हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून तो सायकल हातात धरून निघाला. शेडमध्ये त्याचं एकही काम अर्धं राहिलेलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं तोवर तो रस्त्याला लागला होता.

मी पावलं मोजली. सात झाली. आठ, नऊ, बारा. हाक मारायची पाळी या वेळी माझी होती आणि ते मला कधी करावंच लागलं नव्हतं. जन्मभर मी चालणारा. दुकानात उभं राहून हाक मारणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मी कशाला करू? तो स्टेशनाच्या बाजूला वळला. मी पंक्चरवाल्यावर ओरडलो की त्याची ट्यूब माझ्या जागेत आली आहे.

माझी तक्रार आजही एकच आहे. इतकी माणसं माझ्याशी व्यवहार करून गेली, माझं बोलणं कोणी शब्दशः घेतलं नाही. यानंच का घ्यावं?

पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी मी जीप काढून दिघीला गेलो. त्याचं घर मिलिटरीच्या तारेपासून हाकेच्या अंतरावर. भागीचं बोलणं वाटेत चार वेळा घोकलं होतं. तो ओट्यावर बसला होता, कंपनीची निळी पँट, वर घरचा सदरा. मला बघून उठला.

“शेठ? गाडीला काय झालं?”

“गाडीला काही नाही. दिघीत काम होतं. म्हटलं, जाता जाता डोकवावं.”

“बरं. मंग काम उरकून या. तवर चहा ठेवाय सांगतो.”

आता आली का पंचाईत? मी मुकाट्यानं जीप फिरवली, तारेच्या कडेनं थोडी पुढे नेली आणि एका लिंबाखाली थांबलो. तारेपलीकडचा पहारेकरी माझ्याकडे बघत होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “किसका इंतजार है?”

“काम है,” मी म्हणालो, आणि पंधरा मिनिटं तिथंच बसून राहिलो.

परत गेलो तर चहा तयार होता.

“झालं काम?”

माझं तोंड उघडलं आणि त्यातून प्रथमच सरळ बोलणं निघालं. “काम नव्हतंच. तुला परत न्यायला आलोय. शेडमध्ये अर्धी भागी देतो.”

त्यानं बशी खाली ठेवली.

“मंग त्या दिवशी जा कशाला म्हनला?”

“तशी पद्धत असते.”

“मला न्हाई ठावं ती पद्धत,” तो म्हणाला. रागानं नाही, खरंच ठाऊक नव्हती म्हणून. “गेल्या सोमवारी कायम झालो, शेठ. कागदावर सही केली म्या.”

सही केली म्हणजे संपलं. दुसऱ्या कोणाशीही मी तिथून पुढे तासभर झगडलो असतो, त्याच्याशी कशाच्या जोरावर झगडणार? त्यानं घरात जाऊन कायम झाल्याचे पेढे आणले. एक माझ्या हातावर ठेवला, आणि माझ्या घरच्यांसाठी म्हणून दोन वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले. गाडीपर्यंत सोडायला आला आणि इंजिन सुरू होईपर्यंत कान देऊन उभा राहिला.

पुडी शेजारच्या सीटवर ठेवून मी निघालो. कासारवाडी येईपर्यंत दोन्ही पेढे मीच खाल्ले.