मंदीच्या मागे लागलेली मृदुला

मृदुला पाच मिनिटं एका जागी बसली तर तिला ताप आलाय असं खुशाल समजावं. हॉलंडमधल्या आमच्या लायडस्खेनडामच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ती राहायला आली २००४ च्या थंडीत, नवऱ्याच्या कामाच्या परवान्यावर. नवरा विनय पुण्याहून कॉम्प्युटरच्या कामासाठी आलेला, स्वभावाने गरीब, आमटी अळणी झाली तरी न बोलता जेवणारा. ही पुण्यात पीएच.डी. अर्धवट टाकून आलेली. विषय काय, तर १९३० च्या मंदीत मुंबई सरकारने खर्चाला कात्री कशी लावली. मी म्हटलं, "अगं, जगात इतके विषय पडलेत आणि तुला सरकारी काटकसरच बरी सापडली!"

ती हसली नाही. या विषयावर तिला हसताच येत नाही.

पहिले काही महिने तिची नुसती तगमग चालली होती. पडदे धुवायची, वाळले की पुन्हा धुवायची. सायकल शिकली, तर कालव्याच्या कडेने शेजारच्या फोरबर्ग गावापर्यंत जायची आणि "कशाला गेले होते कोण जाणे" म्हणत परत यायची. मग कुठूनसं तिला कळलं, की हेगच्या स्टेशनाजवळच्या सरकारी अभिलेखागारात डच ईस्ट इंडीजची, म्हणजे आजच्या इंडोनेशियाची, जुनी कागदपत्रं आहेत आणि ती कुणालाही बघता येतात. झालं! बाईंनी डचच्या वर्गात नाव घातलं आणि वर्षभरात त्या अगम्य भाषेतले अर्थसंकल्प वाचू लागल्या. आम्ही इथे आठ वर्षं राहून अजून दुकानात बोट दाखवून चीज घेतो.

संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला यायची. कप हातात, पण बूड टेकवायचं नाव नाही. ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत मला जावाची मंदी ऐकवायची. साखरेचा भाव कोसळला, रबराचा कोसळला, जकात आटली. इंग्रजांनी पौंड सोन्यापासून मोकळा केला, पण डचांनी गिल्डर सोन्याला बांधूनच ठेवला, म्हणून जावाचा माल आणखी महाग पडला. मग कारकुनांचे पगार कापले, शाळामास्तर घरी बसवले, नवे कर लावले. भाताला भाव उरला नाही, तरी शेतसारा रोखच हवा.

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, संध्याताई? पण यांचं पोहरा सोडणं चालूच! आणि वर नाव काय, तर प्रशासन सुधारणा. शाळा, रस्ते, दवाखाने ढकलायचे खाली प्रांतांवर, आणि पैशाच्या नाड्या ठेवायच्या राजधानीत, बटाव्हियात, आपल्या हाती."

मी रॉटरडॅमला एका जहाज कंपनीत हिशेब बघते. तेव्हा इथेही मंदीच होती. आमच्याकडे 'पुनर्रचना' झाली, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दोघांना केक कापून घरी पाठवलं. त्यामुळे तिचं बोलणं मला भलतंच पटायचं, आणि पटलं की राग यायचा.

त्या अभिलेखागारात तिला प्राध्यापक स्लॉटमान भेटले. साठीचे, उंच, काटकुळे. एका संशोधन संस्थेत त्यांचा याच विषयावर प्रकल्प होता. त्यांनी तिची टिपणं वाचली. मुंबई आणि बटाव्हिया अशी शेजारीशेजारी मांडणी आपण कधी पाहिली नाही, म्हणाले. त्या दिवशी मृदुला जिना धावत चढून आली.

"ताई, माझं जवळजवळ ठरलंय! दोन वर्षांचं काम आहे, पगारी!"

त्यानंतर ती फोनजवळून हलेना. म्हणजे बसेना, पण हलेनाही. अंघोळीला जाताना दार उघडं ठेवायची. पंधरवडा गेला, तेव्हा माझाच धीर सुटला. "अगं, घोडं अडलंय कुठे? ते नक्की काय म्हणाले?"

"म्हणाले, हे काम तुम्ही कराल का?"

"आणि तू?"

"मी म्हटलं, नको हो, मला कुठे एवढं जमायला! माझं डच हे असं." ती थोडी लाजली. "ते म्हणाले, अरेरे, आणि सँडविच खायला लागले. आता परत विचारतीलच ना."

मी कपाळावर हात मारला. "वेडे, हे काय हळदीकुंकू आहे का? इथे बिस्किटाचा डबासुद्धा एकदाच पुढे करतात!"

तिचा चेहरा उतरला तो मला बघवेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर गेले. या देशात सख्ख्या बहिणीकडेही वेळ ठरवल्याशिवाय जात नाहीत, आम्ही थेट प्राध्यापकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिलो. मृदुलाने एका दमात सांगितलं, की मला हे काम हवं आहे, पहिल्यापासून हवं होतं.

त्यांना खरोखर वाईट वाटलं. "पण तुम्ही नाही म्हणालात. मी दुसऱ्याच दिवशी ग्रोनिंगनच्या एका मुलाला कळवलं. त्याची सहीसुद्धा झाली."

"आमच्यात तीनदा विचारतात," मी फटकन म्हटलं.

"म्हणजे पहिल्या दोन वेळा माणूस मनातलं सांगत नाही?" ते खोचकपणे विचारत नव्हते, त्यांना समजून घ्यायचं होतं. "बाईंच्या शब्दाचा मान ठेवावा, एवढंच मला कळलं."

परतीच्या ट्राममध्ये जागा रिकाम्या होत्या, तरी ती दांडा धरून उभी. मी स्लॉटमानांच्या नावाने बोटं मोडत होते.

"त्यांना नका बोलू," ती म्हणाली. "विनयला इथली नोकरी लागली ना, तेव्हा मी सांगितलं होतं, मला नाही यायचं. माझी प्रबंधाची दोनच प्रकरणं राहिलीत, मी मागून येते. आई हसली. सासूबाई म्हणाल्या, सगळ्याच आधी नाही म्हणतात. विनयने तिकिटं काढली, म्हणाला, तुझं नाही म्हणजे होच असतं." तिने बाहेर बघितलं. डोळे वाहत होते, तिने पुसले नाहीत. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाही खरं मानलं, ताई. आणि नेमकं तेच खोटं होतं."

आमचा थांबा आला. ती उतरली नाही, म्हणून मीही उतरले नाही.