लॅपटॉप मिरजेत, मी लालबागमध्ये

सकाळी दादरला उतरले तेव्हा माझा डावा खांदा दुखत नव्हता, आणि त्यामुळेच चुकल्यासारखं वाटत होतं. फलाटावर दोनदा मागे वळून पाहिलं. गाडीत काहीतरी विसरलं असणार अशी खात्रीच होती. विसरलं काहीच नव्हतं. फक्त लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर आणि माउस हे तिघेही मिरजेला घरी होते. माझ्या खांद्यावर होता एक टॅब्लेट, चांगला मोठा, शाळेतल्या पाटीपेक्षा थोडा रुंद.

मी पुस्तकांची मांडणी करते. मजकूर कुठून सुरू व्हावा, फोटो कुठे बसावा, कुठलं पान उजवीकडे यावं, हे माझं काम. आणि ते करताना एकदा तरी लेखकाच्या घरी जाऊन बसायचं, ही माझी जुनी खोड. पण गेल्या वर्षी मुंबईहून परतले ती डावा हात वर उचलला जात नाही अशा अवस्थेत. तीन महिने शेजारच्या वहिनींकडून केस विंचरून घेतले. डॉक्टरांनी ओझं बंद केलं आणि पुण्याहून माझ्या मुलीने, मृणालने, हा टॅब्लेट धाडला. सोबत अटही घातली. या फेरीत टॅब्लेटवर सगळं काम निभावलं तर पुढेही खुशाल हिंड. नाही निभावलं तर इथून पुढे लेखकांना घरबसल्या व्हिडिओवर भेटायचं, मुंबई बंद. मी फणकाऱ्याने "बरं" म्हणून टाकलं, पण मनातून धसकले होते.

खरी अडचण अशी, की मांडणीचं सॉफ्टवेअर टॅब्लेटवर चालत नाही. मृणालने त्यावर तोडगा काढून दिला होता. घरचा लॅपटॉप चालू ठेवायचा आणि टॅब्लेटवरून इंटरनेटमार्फत तो लांबूनच हाकायचा. स्वयंपाकघरात बसून मी बाहेरच्या खोलीतला लॅपटॉप हाकून पाहिला होता, अगदी झकास चालला.

माझा मुक्काम गिरगावात, उज्ज्वलाकडे. ती माझी कॉलेजातली मैत्रीण; घर जुनं, तिच्या आजेसासऱ्यांपासूनचं, आणि जेवणाचं टेबल इतकं मोठं की त्यावर निम्मं गिरगाव जेवेल. त्या टेबलावर मी टॅब्लेट ठेवला आणि हात धुवायला गेले. परत येते तर उज्ज्वलाच्या सासूबाई, माई, त्यावर कोथिंबीर निवडत बसलेल्या. काचेवर त्यांची बोटं फिरत होती आणि त्यात उघडून ठेवलेलं पुस्तक बाराव्या पानावरून एकशे चाळिसाव्या पानावर जाऊन पोचलं होतं.

"छान गुळगुळीत आहे गं," माई म्हणाल्या. "याला कडा असत्या तर बरं झालं असतं, पानं खाली सांडतात."

"माई, तो तिचा कॉम्प्युटर आहे," उज्ज्वला म्हणाली.

"मग झाकण कुठंय त्याचं?"

माईंनी नेमका मुद्दा पकडला होता. लॅपटॉपच्या झाकणाला बिजागरी असते, तो मांडीवर कसाही बसतो. टॅब्लेटला जोडायचा कीबोर्ड मांडीवर घेतला की सगळा डोलारा नमस्कार घालायला पुढे झुकतो. दुपारी गॅलरीत आरामखुर्चीत बसून लेखकाला विचारायच्या शंका टाइप करायला गेले, तर तीन ओळींत दोनदा त्याला धरावं लागलं. शेवटी कीबोर्ड बाजूला ठेवला आणि टॅब्लेटचं पेन घेतलं. मग मात्र सुख लागलं. पान वहीसारखं मांडीवर, अडलं तिथे लाल खूण, समासात शेरा. संध्याकाळपर्यंत अख्खं पुस्तक वाचून झालं. लॅपटॉपवर एवढं वाचायला मला दोन दिवस लागतात आणि मान धरते ती वेगळीच. माईंच्या हातचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा समोर आला तेव्हा मी जिंकल्याच्या थाटात होते.

शुक्रवारी सकाळी लालबागला जाण्यासाठी बस धरली. खिडकीजवळ बसून शेवटचं प्रकरण पुन्हा उघडलं. शेजारी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. मी पान उलटलं तसे ते खाकरले.

"मागे घ्या जरा. माझं व्हायचंय."

मी मुकाट्याने मागे घेतलं. भायखळ्यापर्यंत आम्ही दोघांनी मिळून सहा पानं वाचली. ते संथ वाचत, वाचून झालं की मान हलवत, मग मी पान उलटायचं. उतरताना म्हणाले, "चांगलंय. पण अक्षर अजून थोडं मोठं ठेवा." हा शेराही मी समासात लिहून घेतला.

लालबागला उतरलं की आधी मिरच्या भाजल्याचा ठसका बसतो. मसाल्याच्या दुकानांवरून शिंकत शिंकत मी सावंतबुवांच्या चाळीत पोचले. पुस्तक त्यांचं. बुवांचं वय ब्याऐंशी, घराणं मालवणकडचं. आयुष्यभर डबलबारी गायले. डबलबारी (दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सवाल-जवाबाचा सामना) कोकणातून गिरणगावात आली, तिच्या मंडळांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या होत्या. पानं पक्की होऊन फाइल परळच्या छापखान्यात आधीच पोचली होती. बुवांची शेवटची नजर तेवढी बाकी होती. संध्याकाळी पाचला छपाईच्या प्लेटा निघणार होत्या, त्यानंतर बदल नाही, आणि पुढच्या रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात प्रकाशन.

"बस गे बाय, जमनीर बस. खुर्ची मोडकी हा," बुवांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना सगळे काकीच म्हणतात.

मी चटईवर बसले आणि टॅब्लेट मध्ये आडवा ठेवला. एरवी लॅपटॉप उघडला की लेखकाला झाकणाची पाठ दिसते. मग मी दर वेळी तो फिरवून दाखवायचा, पुन्हा आपल्याकडे वळवायचा. इथे पान आमच्या दोघांच्या मध्ये पडलं होतं आणि बुवा गुडघ्यावर हात टेकून वरून बघत होते. त्यांना दोन बोटांनी चित्र मोठं करायचं शिकवलं. मग काय, बुवा प्रत्येक फोटोत शिरायला लागले.

बेचाळिसाव्या पानावर मंडळाचा सगळ्यात जुना फोटो होता. बुवा तेव्हा सात-आठ वर्षांचे. गादीवर ओळीने बसलेली अकरा माणसं, चेहरे छापील पानावर नखाएवढे. नावं बुवांनीच दिली होती, कोणाच्या हातात कुठलं वाद्य आहे त्यावरून. डावीकडून तिसरे, मांडीवर पखवाज, म्हणून बाळा राणे. उजवीकडून पहिले, हातात झांज, म्हणून दामू परब. राणेंचा पखवाज त्या काळी दूरवर गाजलेला.

"राण्यांचा चेडू (मुलगी) येतला रविवारी," बुवा सांगत होते. "इंदू. घोडपदेवला रहाते. बाप गेलो तेव्हा पाळण्यात होती. घरात एक फोटो नाय त्याचा. मीच म्हटलं, ये, पुस्तकात बाप बघ तुझो."

इतक्यात काकी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं घेऊन आल्या. माझ्या ताटलीत वाढण्यासाठी वाकल्या आणि तशाच थांबल्या. पडद्यावर फोटोचा उजवा कोपरा मोठा झालेला होता. तिथला झांज घेतलेला सडपातळ माणूस त्यांना वरून सरळ दिसत होता.

"ह्येच्या बोटांक कणीक कशी?" त्या म्हणाल्या.

"खंय?" बुवा म्हणाले.

काकींनी पिठाचं बोट लांब धरून दाखवलं. झांजेच्या दोरीभोवती धरलेल्या बोटांवर खरोखरच पांढरा लगदा होता. पखवाज वाजवायच्या आधी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, नाहीतर खोल आवाज निघत नाही. ती थापायचं काम पखवाजवाला दुसऱ्या कुणाला करू देत नाही. बुवांनी बोटाने फोटो सरकवला, पखवाजवर नेला.

"उलटो धरल्यान हा," ते हळूच म्हणाले. कणकेचं तोंड त्या माणसाच्या उजव्या हाताला होतं.

 सगळं उघडच होतं. फोटोवाला आला तेव्हा राणे कणीक लावत होते. तसेच उठून कोपऱ्यात बसले असतील, आणि झांजवाल्या परबांना एकदा पखवाज घेऊन मिरवायची हौस आली असेल. इतकी वर्षं सगळ्यांनी वाद्य बघून माणूस ओळखला होता.

"इंदूक भलत्याचा तोंड दाखवतलव होतव आपण," बुवा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "बाय, ह्या बदलता येतला?"

"आत्ता बदलते," मी म्हटलं, आणि घरचा लॅपटॉप हाकायला बसले. टॅब्लेटने प्रयत्न केला. पुन्हा केला. मग समोरून उत्तर नाही असं कळवलं. आणि मला आठवलं. घर सोडताना मी गॅसचा कॉक बंद केला, देवघराचं दार लोटलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने लॅपटॉपचं झाकण मिटून त्यावर विणलेला रुमाल घातला. झाकण मिटलं की तो झोपतो. घराची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

मी वाचत होते ती पानांची नुसती चित्रं, त्यांत बदल होत नाही; म्हणून छापखान्याला पाठवलेली मूळ फाइल टॅब्लेटवर उघडून पाहिली. मराठी छपाईतले जुने फॉन्ट त्यात कुठून असणार? सगळ्या पुस्तकाची इंग्रजी अक्षरांची खिचडी झालेली दिसली. मृणाल जिंकली, हा विचार तेव्हाच मनात आला, आणि फार वाईट वाटलं. छापखान्यात फोन लावला तर कोणी उचलेना. दुपारचे सव्वातीन झाले होते.

"परळ काय लांब नाय," बुवा टोपी घालत म्हणाले.

निघण्यापूर्वी त्यांनी नवी ओळ सांगितली आणि मी चटईवरच टाइप केली. काकींनी उरलेल्या आंबोळ्या डब्यात भरून दिल्या. आम्ही टॅक्सी केली खरी, पण पुलाखाली ती अडकून बसली तशी उतरून चालू लागलो. ब्याऐंशी वर्षांचे बुवा पुढे आणि मी मागे धापा टाकत. लॅपटॉप असता तर मी त्या फुटपाथवरच बसले असते हे मात्र खरं.

छापखाना एका जुन्या गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर. यंत्रांच्या आवाजात फोन ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिथलं संगणकाचं काम शिल्पा बघते, चाळिशीची, एक पेन हातात आणि दुसरं केसांत.

"ताई, तुमचंच घेतलंय आता प्लेटला," ती म्हणाली.

"बेचाळीस थांबव."

तिने थांबवलं. तिच्याकडे तीच फाइल होती, तेच फॉन्ट होते. मी स्टुलावर बसून टॅब्लेट तिच्या पडद्याशेजारी उभा धरला. मी वाचत गेले, ती टाइप करत गेली. डावीकडून तिसरे, दामू परब. उजवीकडून पहिले, पखवाजवादक बाळा राणे. बोटांवर पखवाजाची कणीक तशीच आहे. ओळ वाढल्याने खालचा परिच्छेद पुढच्या पानावर गेला, तो तिने दोन मिनिटांत जागेवर आणला. टॅब्लेटवर हे मला आठवडाभरात जमलं नसतं.

"यावर कामं करता तुम्ही?" शिल्पाने टॅब्लेटकडे हनुवटीने दाखवत विचारलं.

"वाचते, खुणा करते, लिहिते. मांडणी नाही होत."

"तेच म्हणते. दाखवायला बरा आहे." आणि तिने डबा उघडून एक आंबोळी उचलली.

शनिवारी सकाळी बुवांना घेऊन घोडपदेवला गेले. प्रकाशनाच्या रविवारपर्यंत त्यांना दम धरवत नव्हता. इंदूताई पंच्याहत्तरीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा. शिल्पाने काढून दिलेलं छापील पान त्यांनी हातात घेतलं, पण नखाएवढा चेहरा त्यांना दिसेना. मी टॅब्लेट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि फोटो मोठा करत गेले. बाळा राणेंचा चेहरा पडदाभर झाला. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कान माझे आहेत," त्या म्हणाल्या, आणि पदर सारून आपला कान बुवांना दाखवला. बुवा तिथेच रडायला लागले. मलाही आवरलं नाही.

रविवारी मिरजेला पोचले. कुलूप काढलं, लॅपटॉपवरचा रुमाल उचलला आणि झाकण उघडलं. त्यानंतर मृणालला फोन करायचं धैर्य गोळा करायला दोन कप चहा लागला.

"नाही निभावलं," मी सांगून टाकलं. "वाचायला, दाखवायला, माणसांच्या मधे ठेवायला त्याच्यासारखं काही नाही. पण मांडणीला लॅपटॉप लागतोच. अट म्हणजे अट."

तिने सगळं विचारून घेतलं. कणीक, उलटा पखवाज, परळची धावपळ, इंदूताईंचे कान. मग म्हणाली, "पण आई, फोटो मोठा करून तर व्हिडिओवरही बघता आला असता. तुला घरूनही दिसली असती ना ती कणीक?"

"मला तिथे बसूनही दिसली नाही," मी म्हटलं. "ती काकींना दिसली, आंबोळी वाढताना."

 मृणालने विचारलं, पुढचं पुस्तक कुठल्या गावच्या लेखकाचं आहे, आणि तिकीट कधीचं काढू.